चार नळ्या आणि मूठभर अक्षता

सगळ्यांकडे असते तशी वस्तू मला घेताच येत नाही. हा काही गुण नव्हे, खोड आहे, आणि माझ्या बायकोने ती लग्नानंतर आठवड्याभरात ओळखली. कॉलेजात असताना मी अशी सायकल घेतली होती की तिचे ब्रेक दुरुस्त करणारा अख्ख्या सांगलीत एकच माणूस होता, आणि तो गिऱ्हाइकाला हाकलून द्यायचा. अमेरिकेत आल्यावर गाडी घेतली ती अशी, की तिचा साधा आरसा मागवायचा म्हटलं तरी समुद्रापलीकडे पत्र जायचं. आणि व्हिडिओ! तिथल्या आमच्या मराठी मंडळातल्या झाडून सगळ्या घरांत एका पद्धतीचं मशीन, आमच्या घरात दुसऱ्या. चित्र त्याचंच चांगलं होतं हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. फक्त मंडळातून फिरणाऱ्या मराठी नाटकांच्या कॅसेटी त्यात शिरायच्या नाहीत. बायको शेजारच्या गावी जाऊन दुसऱ्यांच्या सोफ्यावर बसून नाटकं बघायची आणि घरी आल्यावर माझ्याशी बोलायची नाही.

तेव्हा मी पिस्तूल घेतलं तर ते कसलं घेणार, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण मुळात माझ्यासारख्या भित्र्या माणसाने पिस्तूल का घेतलं, ते आधी सांगतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिकागोपासून तासाभरावर, इंडियानात, एका कारखान्यात मी डाय, म्हणजे प्रेसमध्ये पत्रा दाबून भाग घडवायचे साचे, डिझाइन करायचो. जानेवारीतली संध्याकाळ, साडेपाचलाच काळोख झालेला. कारखान्याच्या फाटकापासून माझ्या गाडीपर्यंत दोनशे पावलं. त्यातल्या शंभराव्या की एकशेदहाव्या पावलाला मागून कोणीतरी खांद्यावर हात ठेवला आणि पाठीला काहीतरी टोचलं. मी पाकीट दिलं. घड्याळ दिलं. मफलर त्याने मागितला नव्हता, तोही दिला. आणि एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! मी आपणहून विचारलं, "गाडीची किल्ली पण देऊ का?" त्याने दिव्याच्या उजेडात माझी गाडी नीट निरखली आणि "नको" म्हणाला.

हे मी मंडळात हसत हसत सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. खरं काय झालं होतं ते सांगत नव्हतो. खरं हे, की त्या दिवसापासून मला ती दोनशे पावलं एकट्याने चालता येईनात. शिफ्ट सुटली की मी उगाच टॉयलेटमध्ये हात धूत उभा राहायचो, कोणी निघालं की घाईघाईने त्याच्या मागे निघायचो. कोणी नसेल तर ड्रॉइंग बोर्डाशी परत जाऊन बसायचो. बायको म्हणाली, "अहो, मी येत जाऊ का तुम्हाला घ्यायला?" तिच्यावर मी असा खेकसलो की ती दोन दिवस गप्प होती. राजीनामा लिहून खणात ठेवला होता. मला भारतात परत जायचं नव्हतं. ते काम मला जिवापाड आवडायचं. पण त्या दोनशे पावलांपायी मी घरदार गुंडाळायला निघालो होतो, आणि याची मला भयंकर लाज वाटायची.

हे ओळखलं फक्त टूलरूममधल्या म्हाताऱ्याने. म्हातारा म्हणजे साठीचा, गुडघा दुखावलेला, हाताच्या बोटांना केसाच्या जाडीचा फरक कळणारा कारागीर. तो मला नावाने कधी हाक मारत नसे, 'इंजिनियर' म्हणायचा, आणि तेही शिवी दिल्यासारखं. माझं पहिलं ड्रॉइंग बघून म्हणाला होता, "कागदावर फार छान दिसतंय. कागदाचंच बनव." त्या फेब्रुवारीत तो रोज माझ्याबरोबर बाहेर पडायला लागला. बोलायचं काही नाही, नुसता लंगडत लंगडत गाडीपर्यंत यायचा. मला वाटायचं याची गाडी माझ्याच बाजूला असेल. महिन्याभराने कळलं की त्याची गाडी फाटकाच्या बरोब्बर उलट्या टोकाला असते.

"मी काही जन्मभर इथे नाही," एकदा तो म्हणाला. "दोन वर्षांत रिटायर होणार. तू एक पिस्तूल घे."

रीतसर अर्ज केला, बोटांचे ठसे दिले, लायसन्स आलं. मग एका शनिवारी आम्ही दोघं दुकानात गेलो. दुकान कसलं, एका बाजूला माशांचे गळ, दुसऱ्या बाजूला हरणाची मुंडकी आणि मधोमध काचेच्या कपाटात पिस्तुलं, आपल्याकडे सोनाराकडे बांगड्या मांडतात तशी. मालकाने विचार न करता एक आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर माझ्यापुढे ठेवलं. पाच गोळ्यांचं. पोलीस सुटीच्या दिवशी हेच बाळगतात म्हणे, त्याची बायको हेच बाळगते, म्हाताऱ्याच्या खिशातही हेच.

"दाबलं की उडतं," म्हातारा म्हणाला. "विषय संपला."

तिथेच माझं बिनसलं. ज्या वस्तूचा विषय एवढ्यात संपतो ती वस्तू घेऊन करायचं काय? मी आपला कपाटात वाकून वाकून बघत होतो आणि खालच्या फळीवर, कोपऱ्यात, धुळीत मला ते दिसलं. चार नळ्या. दोन वर, दोन खाली, चौकोनी ठोकळ्यात बसवलेल्या. मधून उघडायचं, अडकित्त्यासारखं. आतला घोडा असा, की चाप ओढला की एक दातेरी चक्र पाव फेरा फिरायचं आणि पुढच्या नळीवर ठोका बसायचा. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मी चारदा ओढून पाहिला. आतून जो आवाज यायचा ना, अहाहा!

"दोन वर्षांत याची कोणी चौकशी केलेली नाही," मालक म्हणाला. तो प्रामाणिक माणूस होता, पण मला ती शिफारसच वाटली.

म्हातारा भडकला. जड आहे, इस्त्री खिशात घालून फिरल्यासारखं. चाप ओढायला दोन बोटं लागतात. गोळ्या चारच. आत इतके भाग की काय कधी अडकेल याचा नेम नाही. मी म्हटलं, "पण ते चक्र फिरतं कसं ते बघ ना!" त्यावर तो जे म्हणाला ते मला शब्दशः आठवतं. "बंदुकीत इंजिनियरिंग बघायचं नसतं. ती उडते की नाही एवढंच बघायचं." पण मी ऐकणारा असतो तर सांगलीतच चांगली सायकल घेतली नसती का?

घरी बायकोने ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. ती मूळची नागपूरची, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला, मोजकंच बोलते. म्हणाली, "चोर आला की आधी त्याला मेकॅनिझम समजावून सांगणार का?"

पण गंमत बघा, त्या ठोकळ्याने मला बरं केलं. कारखान्यात पिस्तूल आणायला बंदी होती आणि ती बंदी सगळे 'येथे थुंकू नये' ही पाटी पाळावी तशी पाळायचे. जेवणाच्या सुटीत कोणाच्या ना कोणाच्या पिकअप ट्रकमध्ये मंडळी जमायची. ज्यांच्याकडे नेहमीची रिव्हॉल्व्हरं होती त्यांना कोण विचारतंय? माझ्याकडे मात्र दर आठवड्याला नवा माणूस यायचा. "ए इंजिनियर, ते चार तोंडांचं दाखव की." मग मी गोळ्या काढून, ते उघडून, पहिल्यापासून सगळं सांगायचो. एका वेल्डरकडे युरोपातलं कुठलंसं जुनं पिस्तूल होतं, त्याच्या गोळ्या त्या देशातही मिळत नसाव्यात. आम्ही दोघं एकमेकांकडे नातेवाईक असल्यासारखे बघायचो. साधी वस्तू घेणारा माणूस ती वस्तू वापरतो आणि विसरून जातो. आमच्यासारख्यांना ती वापरायची नसतेच, तिची वकिली करायची असते. मंडळात माझ्या पिस्तुलाचं नाव ब्रह्मदेव पडलं होतं.

नेमबाजीचं म्हणाल तर बोलू नका. सरावाला गेलो तेव्हा माझी एक गोळी शेजारच्या माणसाच्या कागदाला लागली आणि तो मला 'थँक यू' म्हणाला. पण मला कुठे कोणाला मारायचं होतं? कोटाच्या उजव्या खिशात ते जड धूड असायचं, त्यावर हात ठेवून मी ते चक्र मनातल्या मनात फिरवत चालायचो, की गाडी यायची. एप्रिलमध्ये म्हाताऱ्याला म्हटलं, "उद्यापासून मी एकटा जाईन." त्याने नुसती मान हलवली. राजीनामा फाडून टाकला. एवढा हलका मी कित्येक महिन्यांत झालो नव्हतो.

मग आली खंडेनवमी.

आमच्या मंडळाचे सण पंचांगापेक्षा सवडीवर चालायचे. गणपती बसले तरी शनिवारी बसायचे आणि दिवाळी हॉल मिळेल तेव्हा यायची. त्या वर्षी नवमी आपणहून शनिवारी आली, म्हणून ती आमच्या घरी ठरली. पाटावर माझी ड्रॉइंगची पेटी, व्हर्नियर, बायकोचा पांढरा कोट, मिक्सर, गाडीच्या किल्ल्या. नेपरव्हिलहून आलेल्या डॉक्टरांनी आपला स्टेथोस्कोप ठेवला. बायको म्हणाली, "शस्त्रपूजा आहे ना? मग या घरातलं एकमेव शस्त्र कुठेय?" सगळ्यांनी ब्रह्मदेवाचा गजर केला. मी गोळ्या काढल्या, मोकळं आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून ते अडकित्त्यासारखं उघडून ठेवलं आणि पाटाच्या मधोमध मांडलं. डॉक्टरांची मुलगी जवळ येऊन म्हणाली, "इज दॅट फॉर रिअल? यू गाइज आर सो वियर्ड."

म्हाताऱ्यालाही बोलावलं होतं. तो टाय लावून आला. दारात बूट काढायला सांगितल्यावर मोज्याचं भोक लपवत उभा राहिला. आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं की आम्ही या दिवशी हत्यारांना नमस्कार करतो. त्याला ते इतकं पटलं होतं, की त्याने खिशातून मखमलीत गुंडाळलेला आपला मायक्रोमीटर काढला आणि कोणी न सांगता पाटावर ठेवला. "चाळीस वर्षं यानेच पोसलंय," म्हणाला.  मग बायकोने सगळ्यांना हळद, कुंकू आणि अक्षता दिल्या. आपण चिमूटभर टाकतो. म्हाताऱ्याने भली मूठ भरली आणि, मला वाटतं माझ्यावरच्या प्रेमाने, ती सगळीच्या सगळी त्या पिस्तुलावर ओतली.

त्याने श्रीखंड चार वाट्या खाल्लं. बायकोने उरलेलं स्टीलच्या डब्यात भरून त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, "आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत हं. काहीतरी घालून द्यायचं, चमचाभर साखर का होईना."

"मग तुम्ही परत काहीतरी घालून देणार?"

"अर्थात."

"म्हणजे हे संपायचं कधी?"

"संपवायचं नसतंच," बायको म्हणाली.

दर रविवारी मी पिस्तूल पूर्ण उघडून तेलपाणी करायचो. त्या रविवारी बायकोने हात लावू दिला नाही; पूजा संध्याकाळी उठेल मग घ्या म्हणाली. संध्याकाळी मी वरवर झटकलं, फुंकर मारली, बाहेरचं कुंकू पुसलं. आत साफ करायला हवं होतं, मला कळत नव्हतं असं नाही. पण एक कुंकवाचा ठिपका नळीवर तसाच ठेवला आणि म्हटलं, राहू दे, देवाचं आहे. मी स्वतःला नास्तिक म्हणवतो. खिशात पिस्तूल घेऊन फिरणारा माणूस फार काळ नास्तिक राहत नाही. गोळ्या भरल्या आणि कोटात टाकलं.

सोमवारी पाऊस होता. पाच वाजताच अंधारून आलेलं. म्हातारा अजून आतच होता; मी नेहमीसारखा एकटाच निघालो, आणि आता एकटं निघायला मला काही वाटत नव्हतं. अर्ध्या वाटेवर मागून धावत येणारी पावलं ऐकू आली. त्यांच्याबरोबर काहीतरी खडखडत होतं. कोणीतरी ओरडलं, प्रेसच्या आवाजात शब्द कळले नाहीत. माझी पाचावर धारण बसली. चक्रबिक्र काही आठवलं नाही. जानेवारी आठवला. आणि खांद्यावर हात पडला.

मी वळलो आणि खिशातल्या खिशात, कोटाच्या कापडाआडून, समोरच्या माणसाच्या पोटावर रोखून चाप ओढला. होती नव्हती तेवढी ताकद लावून ओढला. तो अर्ध्यात अडकला. मी पुन्हा ओढला. पुन्हा अडकला.

मग मला चेहरा दिसला. म्हातारा होता. दुखरा गुडघा धरून, ओणवा होऊन धापा टाकत होता, आणि दुसऱ्या हातात आमचा स्टीलचा डबा होता.

"दिवसभर विसरलो बघ," तो म्हणाला. "रिकामा द्यायचा नसतो ना? माझ्या झाडाचे अक्रोड आहेत."

मी 'थँक यू' म्हणालो. बायकोला सांग म्हणाला, 'सांगतो' म्हणालो. तो लंगडत परत गेला. मी गाडीत बसलो. दार उघडून पावसात ओकलो. घरी बायकोने डबा उघडला, अक्रोड बघून तिला इतका आनंद झाला, की मला तिच्याकडे बघवेना. कपाळ माझं! काय सांगणार होतो तिला?

पाच दिवस ते पिस्तूल मी फडक्यात बांधून गाडीच्या डिकीत ठेवलं.  शेवटी शनिवारी सकाळी ते घेऊन म्हाताऱ्याच्या गॅरेजात गेलो. दुसरीकडे जाता आलं असतं. पण न सांगता त्याच्याशेजारी बसून जेवणं मला जमेना, आणि सांगायला तोंड उघडेना.

"चाप अडकलाय," एवढंच म्हणालो.

"मी काय सांगितलं होतं?" तो खुशीत म्हणाला. त्याने ते उघडलं, गोळ्या काढून बाजूला ठेवल्या, बाजूचे स्क्रू काढले, चष्मा कपाळावर चढवला. चिमट्याने त्याने दातेरी चक्राच्या आतून काहीतरी उचललं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं. मग आणखी एक. हळदीने पिवळे झालेले तांदळाचे दाणे, तुपाने आणि कुंकवाने चिकटलेले. त्याला हसू फुटलं. "हा तुमचा आशीर्वाद!"

मग त्याने भिंग घेतलं आणि हसणं थांबवलं.

"हे दात दाण्यात रुतलेत," तो म्हणाला. "नुसतं बाळगून असं होत नाही. कोणीतरी पूर्ण जोराने चाप ओढलाय." त्याने कागद फिरवला. "दोनदा."

मी भिंतीवरच्या पान्यांकडे बघायला लागलो.

"कधी?"

"सोमवारी."

"कुठे?"

 मी त्या गॅरेजात, मापाने टांगलेल्या पान्यांसमोर उभा राहून लहान पोरासारखा रडलो. तो माझ्याकडे बघत राहिला, मग टेबलावरच्या दाण्यांकडे, मग खिडकीतून आपल्या अक्रोडाच्या झाडाकडे. आणि त्याला कळलं. त्याने स्टूल ओढलं आणि बसला. आपला हात त्याने सावकाश पोटावर ठेवला, जिथे कोटाच्या आतून मी रोखलं होतं बरोबर तिथेच.

मग त्याने खिशातून स्वतःचं रिव्हॉल्व्हर काढलं. ते साधं, सगळ्यांकडे असतं तसलं, जे त्याने मला घ्यायला सांगितलं होतं. गोळ्या काढून त्याने ते दाण्यांशेजारी ठेवलं.

"दाबलं की उडतं," तो म्हणाला. "विषय संपला असता."

तो माझ्यावर ओरडेल असं मला वाटलं होतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने ते दोन दाणे कागदात गुंडाळले आणि मायक्रोमीटरच्या मखमलीत ठेवले. ते दाणे आमच्या कोणाच्या चिमटीतले होते की त्याने स्वतः ओतलेल्या मुठीतले, हे आता कोण सांगणार? माझं पिस्तूल त्याने पुन्हा जोडलं, एकदा चाप ओढून पाहिला. चक्र पाव फेरा सुरेख फिरलं.

"चक्र मात्र झकास आहे, हरामखोर," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तूच ठेव." त्याने ते खणात टाकलं. आपलं रिव्हॉल्व्हर उचललं, हातात तोललं, आणि तेही त्याच खणात ठेवून कुलूप लावलं.

जाताना तो दारापर्यंत आला. मी काहीतरी बोलायला लागलो तर त्याने हाताने थांबवलं.

"सोमवारी पाच वाजता फाटकाशी थांब," तो म्हणाला. "मी मागून येणार नाही. शेजारून येईन. आणि तुझ्या बायकोला सांग, डबा माझ्याकडून आलाय. आता तिची पाळी."